वृद्धाश्रमातील नाताळ



सण हा एकट्याने साजरा करावयाचा विषय नव्हे. दिवाळीचा फराळ घरात कितीही झाला, तरी त्यातील चार जिन्नस शेजारी गेल्यावाचून आपल्या माताभगिनींस समाधान वाटत नाही. नाताळाचेही तसेच आहे. 'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जन्मासंबंधीचा' असा आहे. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा उत्सव २५ डिसेंबरला होत असल्याचा सर्वांत जुना उल्लेख रोम येथील असून तो इ. स. ३३६ मधील आहे. आपल्या गोव्यात मात्र या सणाने येथील माडाचे, तांदळाचे व शेजारधर्माचे रूप घेतले आहे. हा सण वृद्धाश्रमात साजरा करावयाचा तर तो कसा करावा, आणि त्यात कोणी कोणास काय द्यावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळच्या सुमारास शेजाऱ्यांना जी मिठाई पाठविली जाते तिला 'कोन्सुआदा' म्हणतात. पोर्तुगालमध्ये हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाला लावतात, व त्याची व्युत्पत्ती 'सांत्वन करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडली जाते. आपल्याकडे ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंक असे पदार्थ मांडून, वर स्वच्छ रुमाल घालून, ते घरातील मुलांच्या हाती घरोघर पाठविले जाते. ज्या घरी ताट जाते ते ख्रिस्ती असेल तर त्याच्याकडूनही ताट येते. हिंदू असेल तर चवथीला किंवा दिवाळीला तिकडून नेवऱ्या-लाडू येतात. या व्यवहारात एक नेहमी देणारा व दुसरा नेहमी घेणारा, अशी विभागणी नसते. आज ज्याने घेतले तो उद्या देतो, आणि म्हणूनच घेताना कोणास संकोच वाटत नाही.

मनुष्य वृद्धाश्रमात राहावयास गेला की नेमका हा क्रम तुटतो. त्याला अन्न, वस्त्र, औषध सर्व मिळते. परंतु त्याच्याजवळ स्वतःची चूल नसते, ताट नसते आणि ते पोहोचविणारे मूलही नसते. तो केवळ घेणारा उरतो. पुष्कळदा वृद्धांच्या उदासीनतेचे कारण आपण एकटेपणात शोधतो, व ते चुकीचेही नाही. परंतु आपण कोणास काही देऊ शकत नाही ही जाणीव त्याहूनही अधिक बोचणारी असते, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न गोव्याला परका नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा ८.६ होते, गोव्यात ते शेकडा ११ हून अधिक होते. शिवाय गोमंतकीय माणूस पोटासाठी पूर्वीपासून परदेशी जात आला आहे. एके काळी तो मुंबईस, पूर्व आफ्रिकेस व बोटींवर जाई. पुढे आखाती देशांत, आणि आता लिस्बन व लंडन येथे जातो. मागे राहतात ती मोठी घरे व त्यांतील म्हातारी माणसे. आईवडिलांचा सांभाळ करणे हे २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांचे कर्तव्य ठरविले आहे, आणि त्या कायद्याखाली निर्वाहखर्चाची मागणीही करता येते. परंतु सणाच्या दिवशी सोबत मिळवून देणे कायद्याच्या आवाक्यातील गोष्ट नाही.

वृद्धाश्रमांविषयी आपल्या समाजात एक प्रकारची अढी आहे. त्यांचा इतिहास पाहिला तर ती काहीशी कमी व्हावी. १८३९ सालच्या हिवाळ्यात फ्रान्समधील सेंट सर्व्हां या गावी झान झ्युगां नावाच्या एका गरीब स्त्रीने एका अंध, निराधार वृद्धेस आपल्या घरी आणले व तिला स्वतःचा बिछाना दिला. त्यातूनच वृद्धांची सेवा करणारा जोगिणींचा एक संघ उभा राहिला, आणि त्याची सेवागृहे पुढे भारतातही निघाली. २००९ साली झान झ्युगां यांना संतपद देण्यात आले. गोव्यातही पोर्तुगीज काळापासून चालत आलेली 'प्रोवेदोरिया' ही सरकारी संस्था वृद्धाश्रम चालविते, व अनेक लहान आश्रम चर्चच्या आणि खाजगी संस्थांच्या आश्रयाने चालतात.

आमच्या शाळेजवळचा आश्रम असाच लहान आहे. चौदा-पंधरा वृद्ध, दोन परिचारिका व एक स्वयंपाकीण एवढाच त्याचा संसार. रहिवाशांत ख्रिस्ती अधिक, तरी चार-पाच हिंदूही आहेत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अशा ठिकाणी पाहुण्यांची रीघ लागते. मंडळी केक आणतात, मोठ्याने गाणी म्हणतात, छायाचित्रे घेतात आणि तासाभरात निघून जातात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण रांगेत खुर्च्यांवर बसविलेल्या वृद्धांस त्या तासात हात पुढे करण्यापलीकडे काही काम नसते.

म्हणून आम्ही शिक्षकांनी व नववीच्या वर्गाने ठरविले की, आश्रमात केवळ खाऊ घेऊन न जाता काम घेऊन जावे. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पसरट थाळ्यांत माती घालून नाचणी पेरण्यात आली. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवळ दिसावी म्हणून नाचणी पेरण्याची आपल्याकडे रीत आहे. थाळ्यांना पाणी घालण्याचे काम आश्रमातील दोन आजोबांकडे सोपविले. मुले त्यांना 'शापाय' म्हणू लागली. कोंब किती वर आले हे सांगण्यासाठी ते दोघे रोज मुलांची वाट पाहत. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी खरा बैल व खरे गाढव आणून हा देखावा उभा केला होता. आमच्या गोठ्यातील बैल एका हिंदू आजींनी चिकणमातीचा केला, आणि चवथीच्या माटोळीखाली शोभावा इतका तो सुबक झाला. कामट्यांच्या नक्षत्राचा सांगाडा मुलांनी बांधला, पण कागद कसा ताणून चिकटवावा हे एका निवृत्त सुताराने शिकविले.

मिठाईच्या वेळी मात्र एक अडचण आली. एक वृद्ध बाई खोलीतून बाहेर येईनात. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मुली बोलवावयास गेल्या तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दिवपाक म्हज्याकडेन कितेंच ना, मागीर म्हाका फेस्त कसलें?" त्यांच्या या एका वाक्यात वृद्धाश्रमातील नाताळाचा सारा प्रश्न आला आहे. मुलींनी त्यांची समजूत घातली नाही. "शामाय, दोदोल चुलीर आसा, जालें काय ना तें आमकां कळना," असे सांगून त्यांनी मदत मागितली, आणि त्या उठल्या. तांदळाचे पीठ, माडाचा गूळ व नारळाचा रस एकत्र करून दोदोल सतत घाटावा लागतो; तो भांड्याची कड सोडू लागला व तेल सुटू लागले म्हणजे तयार झाला असे समजावे. शामायनी ते वासावरून व ढवळणीला लागणाऱ्या जोरावरून ओळखले. "आतां देंवय," असे त्या म्हणाल्या तेव्हा भांडे उतरविण्यात आले.

वृद्धांसमवेत सण करताना शरीरधर्माचाही विचार हवा. वयोमानाने ऐकू येणे कमी होते, तेव्हा प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. मुलांचा आवाज स्वभावतःच उंच. दहाजण एकदम बोलू लागले तर वृद्धांस नुसता कोलाहल ऐकू येतो. म्हणून समोर बसून, एकेकाने, खालच्या स्वरात व सावकाश बोलावे. गाणी जुनी निवडावीत. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे त्यांनाही लहानपणीची गीते पुष्कळदा आठवतात. मधुमेह असलेल्यांस किती गोड द्यावयाचे हे परिचारिकेस विचारूनच ठरवावे. कुलकुल कवळीने चावत नाहीत, आणि ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांच्या घशात चिकट दोदोल अडकण्याचा धोका असतो. अशांना बेबिंकाचा मऊ, पातळ तुकडा बरा. मध्यरात्रीच्या 'मिस द गाल'ला सर्वांना जाणे झेपत नाही, त्यामुळे पाद्रींनी आश्रमात येऊन दिवसा प्रार्थना करावी अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सणाच्या दिवशी वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले तर घाबरून जाऊ नये, की त्यांना बळेच हसवू नये. त्यांना गेलेली माणसे आठवतात. एक आजोबा दिवसभर भ्रमणध्वनी हातात धरून बसले होते. परदेशातील मुलाचा फोन सायंकाळपर्यंत आला नव्हता. आमच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ बसून नुसती सोबत केली. तेवढेच त्या वेळी करण्यासारखे होते.

२४ तारखेच्या दुपारी आश्रमातून ताटे निघाली. शेजारची सात घरे, कोपऱ्यावरील दुकान, औषधांचे दुकान व आमची शाळा, अशी एकूण दहा ताटे होती. कोणाचे ताट कोठे जावयाचे हे रहिवाशांनी ठरविले. मुले केवळ पोहोचविणारी. शेजारच्या एका गृहिणीने रिकामे ताट परत देण्यास नकार दिला व त्यात आपल्या अंगणातील केळी घालून पाठविली. ती केळी शामायच्या हाती देण्यात आली तेव्हा त्यांनी ती बोटांनी मोजली, आणि "देव बरें करूं" असे म्हणून परिचारिकांसकट सर्वांस वाटावयास सांगितले.

मित्रहो, नाताळ संपला की आश्रमाच्या दारातील पाहुण्यांची पावले थांबतात, आणि जानेवारीचे दिवस तेथे फार लांब वाटतात. म्हणून महिन्यातून एका शनिवारी आळीपाळीने तेथे जाण्याचा क्रम आपल्या वर्गाने ठेवला आहे. चवथीच्या नेवऱ्या आपल्या घरांतून त्या आश्रमात जावयाच्या आहेत. जाताना खाऊ थोडा कमी असला तरी चालेल. पण एखादी उसवलेली शिवण, न सुटलेले कोडे, किंवा विचारावयाची एखादी जुनी गोष्ट बरोबर अवश्य न्यावी, म्हणजे तेथील माणसांना आपणांस काही देता येईल.