दोष ना आईचा, ना बाळाचा

बाळंतपण झाले की पहिला प्रश्न, "मुलगा की मुलगी?" क्वचित एखाद्या वेळी डॉक्टरांनाही याचे उत्तर लगेच देता येत नाही. मग कुजबूज सुरू होते. कुणी ग्रहणाचे नाव घेते, कुणी मागच्या जन्मीचे पाप काढते आणि सगळा दोष बिचाऱ्या आईच्या माथी येतो. माता-भगिनींनो, विज्ञान काय सांगते ते पाहू या.

गर्भात पहिले सुमारे सहा आठवडे मुलगा व मुलगी यांची घडण सारखीच असते. साधारणपणे मुलीत एक्स-एक्स व मुलात एक्स-वाय ही गुणसूत्रे असतात. वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक वृषण तयार करण्याचा हुकूम देते. या जनुकाचा शोध १९९० साली लागला. वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन म्हणजे संप्रेरक स्रवते. पेशींनी त्याचे ऐकले की शरीर पुरुषाचे घडते. या साखळीतील एक कडी जरी वेगळी असली, तरी शरीर वेगळ्या वाटेने वाढते. अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात.

स्पेनची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पॅटिनो मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली. १९८५ साली जपानमधील कोबे येथील स्पर्धेच्या वेळी तपासणी झाली आणि तिच्या पेशींत एक्स-वाय निघाले. शरीरात टेस्टोस्टेरॉन होते, पण पेशी त्याला दाद देत नव्हत्या. दुखापतीचे सोंग करून माघार घे, असे १९८६ मध्ये तिला सांगण्यात आले. तिने ते नाकारले. ती धावली आणि जिंकली. मग बातमी फुटली, शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले. तरीही ती लढली आणि १९८८ मध्ये महिला म्हणून धावण्याचा हक्क तिने परत मिळवला.

डॉमिनिकन रिपब्लिक देशातील सालिनास गावची गोष्ट याहून वेगळी. तिथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे एन्झाइम त्यांच्यात कमी होते. वयात येताच आवाज फुटे, शरीर पिळदार होई. डॉ. ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. मुलगी म्हणून वाढलेल्या १८ जणांपैकी १७ जण पुढे स्वतःला पुरुष मानू लागले, तर एकीने स्त्री म्हणूनच राहणे पसंत केले. म्हणजे संप्रेरकांचा प्रभाव मनावरही पडतो, पण तो सर्वांवर सारखा नसतो. आपण कोण, हे शेवटी त्या व्यक्तीनेच सांगायचे.

म्हणून असे बाळ जन्मले तर लपवू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखवा. काही बाळांत किडनीवरच्या ग्रंथीचा जन्मजात विकार असतो. त्यामुळे अंगातील मीठ निघून जाते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जिवावर बेतते. रक्ततपासणी व औषधे वेळेवर मिळाली तर बाळ वाचते. मात्र केवळ रूप बदलण्यासाठी घाईने शस्त्रक्रिया करू नये. जिवाला धोका नसेल तर तान्ह्या बाळांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत, म्हणून बंदी घालण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तमिळनाडू सरकारला दिला.

बाळाला नाव द्या, शाळेत घाला, पोटाशी धरा. गुणसूत्रे कोणतीही असोत, ते तुमचेच लेकरू आहे.