अभिनंदन, तुम्ही सेक्रेटरी झालात!

रविवारची सकाळ. दहाची मीटिंग, गणपूर्ती नाही म्हणून साडेदहाला सुरू झालेली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, ग्लुकोजची बिस्किटं. विषय : नवी कमिटी. आणि अचानक सगळ्यांना मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागतं! कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाला नाइट शिफ्ट, कुणाची मुलगी दहावीला. मग पहिल्या मजल्यावरचे काका तुमच्याकडे बघून गोड हसतात. 'अगं, महिलांच्या दोन जागा रिकाम्याच आहेत. तू एवढी शिकलेली, पेपरात लिहितेस. तरुणांनी पुढं यायला नको का?' टाळ्या. बिनविरोध. खेळ खल्लास!

माझं अगदी असंच झालं. कोथरूडमधली छत्तीस फ्लॅटची, अठ्ठावीस वर्षं जुनी सोसायटी. आईनं फ्लॅट माझ्या नावावर केला आणि वर्षाच्या आत मी सेक्रेटरी. चार्ज म्हणून हातात आलं काय, तर गोदरेजच्या कपाटाची किल्ली, एक रबरी शिक्का आणि दोरीनं बांधलेल्या सात फायली. करायचं काय, ते मात्र कुणीच सांगितलं नाही. ऑफिसात जॉइन झालं की कॉफी मशीन कुठंय इथपासून आठवडाभर इंडक्शन चालतं. इथं छत्तीस घरांचे पैसे हातात, आणि ट्रेनिंग? 'हळूहळू समजेल गं!'

हळूहळू समजलंच. पण त्याआधी माझी एक सही होऊन गेली होती.

पंचवीस हजारांची सही

तिसऱ्या मजल्यावरचे काका वारले. दोन महिन्यांनी काकू फ्लॅट स्वतःच्या नावावर करायला अर्ज घेऊन आल्या. नॉमिनी त्याच होत्या. मी जुनी फाइल काढली. प्रत्येक ट्रान्सफरला पंचवीस हजार प्रीमियम घेतलेला. कमिटीत विचारलं, तर 'आपली पद्धतच आहे' असं उत्तर. मी लेटरहेडवर पत्र टाइप केलं, सही केली, शिक्का मारला. काकूंनी एक एफडी मोडली आणि चेक आणून दिला. वर पेढेही दिले. काम झालं म्हणून!

पुढं चार महिन्यांनी हाउसिंग फेडरेशनच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले. खरं सांगायचं तर कंटाळत गेले होते. रविवार वाया, असंच डोक्यात. दुपारच्या सत्रात ट्रान्सफरचा विषय निघाला. फ्लॅट बाहेरच्या माणसाला विकला, तरच प्रीमियम घेता येतो. तोही सर्वसाधारण सभेनं ठरवलेला आणि महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. ही मर्यादा ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकानं घातलेली. आणि कुटुंबातल्या माणसाच्या, वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर होत असेल तर? प्रीमियम नाही. फक्त ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी.

मी वहीत तो आकडा लिहिला आणि पुढचं सत्र मला ऐकूच आलं नाही.

कुणी पैसे खाल्ले नव्हते. पावती होती, हिशेब चोख होता. फक्त उपविधी, म्हणजे आपले बायलॉज, कुणी उघडलेच नव्हते. त्याची किंमत मोजली नवरा गेलेल्या एका बाईनं.

शिकणं ऑप्शनला टाकता येत नाही

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण काही आजचं नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्येच सोसायटी काढली होती. आपला सहकार कायदा १९६० चा. २०१३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २४-अ हे कलम आलं. सभासद, पदाधिकारी, कर्मचारी यांच्यासाठी संस्थेनं सहकाराचं शिक्षण आयोजित करायचं आणि कमिटीवरच्या प्रत्येकानं ते घ्यायचं, असं त्यात चक्क लिहिलंय. मेंटेनन्सच्या बिलात 'शिक्षण-प्रशिक्षण निधी' अशी छोटीशी ओळ असेल, तर ती याचसाठी. पैसे आपण भरतो, वर्गात जात कुणी नाही!

२०१९ मध्ये तर याच कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यामुळे 'आमच्या वेळी असंच होतं' हे वाक्य आता पुरत नाही. आणखी एक फंडा नीट समजून घ्या. कमिटीची जबाबदारी सामूहिकही असते आणि वैयक्तिकही. 'मी फक्त सही केली' हा बचाव नाही. एखादा निर्णय पटला नाही, तर गप्प बसू नका. तुमचा विरोध मीटिंगच्या इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला लावा.

आणि हे सगळं पंचवीस हजारांपुरतंच आहे असं समजू नका. आमच्या फायलींत स्ट्रक्चरल ऑडिटचा एकही कागद नव्हता. आदर्श उपविधी सांगतात, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढं दर तीन वर्षांनी ऑडिट करा. पुण्या-मुंबईत जुन्या इमारतींच्या दारात आज बिल्डर उभे आहेत. ४ जुलै २०१९ चे रीडेव्हलपमेंटचे सरकारी निर्देश न वाचता कमिटी वाटाघाटीला बसली, तर पणाला लागतं ते सगळ्यांचं घरच.

तुम्ही कमिटीवर जाताय? मग एवढं कराच!

* बायलॉज वाचा. तुमच्या सोसायटीनं मंजूर केलेली प्रत. एका वीकेंडचं काम आहे, एखादी वेब सिरीज कमी बघा.
* तारखा कॅलेंडरला टाका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. कमिटीची मीटिंग महिन्यातून किमान एकदा. इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल, तर ती चालू असल्याचा 'फॉर्म बी' जानेवारी आणि जुलैमध्ये.
* भाडेकरूंचं गणित तपासा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. हेही २००१ पासूनच आहे.
* सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का जमा व्हायला हवा. रंगकाम, गणपती, गेट-टुगेदर यांच्यासाठी तो नाही.
* वॉट्सअ‍ॅपवर ठराव होत नसतो. बेचाळीस अंगठे आले तरी ती मंजुरी नव्हे. सभा, ठराव, इतिवृत्त, याच क्रमानं जा.
* एक रविवार द्या. जिल्ह्याच्या हाउसिंग फेडरेशनकडे प्रशिक्षणाची चौकशी करा. एकट्यानं जाऊ नका, खजिनदारालाही न्या.

आणि हो, एक्सेल येतं म्हणून जुन्या मंडळींना मोडीत काढू नका. आमच्या माजी खजिनदार काकांनी वीस वर्षांचा हिशेब हातानं लिहून ठेवलाय, एकही खाडाखोड नाही. त्यांना नियम कुणी शिकवले नव्हते, एवढंच.

...आणि तो चेक

काकूंचे पैसे परत करायचा विषय मी कमिटीत काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला, 'मग आधीचे सगळे मागायला येतील, त्याचं काय?' मी म्हटलं, यायलाच हवेत. दोन मीटिंगा वादात गेल्या. माजी खजिनदारांची वही उघडली, तर अशी आणखी दोन घरं निघाली. शेवटी ठराव झाला आणि तिन्ही चेक निघाले.

काकूंचा चेक द्यायला मी स्वतः गेले. माफी मागितली. त्यांनी चेक देवापुढं ठेवला, मला चहा दिला. मी विचारलं, 'काकू, तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत?'

'अगं, मला वाटलं नियमच असेल,' त्या म्हणाल्या. 'खाली तुझी सही होती ना!'

त्या दिवसापासून शिक्का उचलायच्या आधी मी बायलॉज उघडते.