एका वेलांटीची गोष्ट

आमच्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली धाराशिव झाले. बदलाला सरकारचा शिक्का बसला. आणि त्यानंतर वर्षभरातच मी, एका निवृत्त मराठी शिक्षकाने, त्याचे ‘धाराशवि’ करून ठेवले! तेही एकदा नव्हे, दोनशे सहा वेळा. कसे, ते सांगतो.

मी नळदुर्गचा. नोकरीची बत्तीस वर्षे मुलांच्या पहिल्या-दुसऱ्या वेलांट्या दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर संगणकाचा नाद लागला. ‘तंबाखूपेक्षा बरा,’ एवढेच आमच्या सौ. त्याबद्दल म्हणतात. २०२४ च्या सप्टेंबरात गावातल्या एका शाळेने ठरवले की, १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिदिनी, स्पर्धांत भाग घेतलेल्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्यायचे. चित्रकलेच्या मास्तरांनी किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यांचे सुरेख चित्र काढून दिले. त्या चित्रावर दोनशे सहा नावे उमटवण्याचे काम मी मोठ्या ऐटीने अंगावर घेतले.

शाळेतला संगणक जुना, त्यावरचे लिनक्सही जुने. पण त्यात ‘इमेजमॅजिक’ नावाचा प्रोग्राम होता. १९९० पासून जगभर वापरात असलेला हा प्रोग्राम फुकट तर आहेच, शिवाय मुक्त आहे. म्हणजे त्याचा मूळ मजकूर, ज्याला ‘सोर्स’ म्हणतात तो, कोणीही पाहावा आणि बदलावा. नावांची यादी त्याच्या हाती दिली, एक हुकूम सोडला आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तो दोनशे सहा प्रमाणपत्रे तयार!

पहिले उघडले आणि चहा घशाशी आला. ‘निकिता’ची ‘नकितिा’ झाली होती. ‘प्रमाणपत्र’ या शब्दातला ‘प’ पाय मोडून एकीकडे आणि ‘र’ दुसरीकडे. रफाराचा पत्ता नाही. आणि तळाशी ठळक अक्षरांत, ‘जिल्हा : धाराशवि’.

नेमकी ती निकिता पाठीमागे उभी होती. सातवीतली मुलगी, आयुष्यातले पहिले प्रमाणपत्र. तिने पडद्याकडे नीट पाहिले आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, हे माझं नाव नाही.”

वाचकहो, बत्तीस वर्षांत लाल शाई मी चालवली होती. ती उलटून माझ्यावर चालल्याचा हा पहिला प्रसंग!

आश्चर्य असे की, त्याच संगणकावर, त्याच वळणाच्या अक्षरांत, टंकलेखनाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तीच नावे बिनचूक दिसत होती. पण तिथे एकेक नाव चिकटवत बसायचे तर दोन रात्री हव्या होत्या आणि हाती एकच होती. पुण्याला भाच्याला फोन लावला. तो या क्षेत्रातला.

“मामा, तुमच्या यादीत चूक नाही,” तो म्हणाला. “संगणक मराठी अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो. आधी ‘श’, मग वेलांटी. पण कागदावर वेलांटी ‘श’च्या आधी काढायची असते. ही उलटापालट कुणीतरी करावी लागते. तुमचा प्रोग्राम ती करत नाही.”

मला लगेच उमगले. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर हेच काम करीत असे. ‘शि’ वाचला की त्याचा हात आधी वेलांटीच्या खणात जाई. माझ्या संगणकातला कंपोझिटर मात्र नवशिका होता. हाती येईल तो खिळा येईल त्या क्रमाने लावत होता.

“अरे, पण एवढ्या नावाजलेल्या प्रोग्रामला हे येत नाही?”

“येतं की! पण ते ऐच्छिक आहे. ‘राक्म’ नावाचा एक जोड त्याला लावावा लागतो, आणि तो राक्म ‘हार्फबझ’कडून अक्षरांची मांडणी करून घेतो. तुमच्याकडचं पॅकेज ज्यानं बांधलं, त्यानं हा जोड घातला नाही. रोमन अक्षरं एकापुढं एक ठेवली की भागतं, त्यामुळं त्याचं काही अडलं नसणार. तुम्ही सोर्स आणा आणि स्वतः कंपाइल करा.”

हे प्रकरण सौ.ना समजावून सांगताना मलाच जास्त चांगले समजले. सोर्स म्हणजे ज्वारी. कंपाइल करणे म्हणजे दळणे. आणि पॅकेज म्हणजे दुकानातली पिठाची पिशवी. पिशवी आणली की लगेच भाकरी थापता येते. पण त्यात काय मिसळले, किती बारीक दळले, ते गिरणीवाल्याने आधीच ठरवलेले असते. स्वतः दळण नेले तर आपण सांगू तसे होते.

“म्हणजे तुमच्या गिरणीवाल्यानं मराठी घातलीच नाही म्हणा ना!” सौ. म्हणाल्या. याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

रात्री नऊला दळण टाकले. तीन पायऱ्या असतात. ‘कॉन्फिगर’ म्हणजे घरात काय काय सामान आहे ते तपासणे आणि काय हवे ते सांगणे. ‘मेक’ म्हणजे प्रत्यक्ष दळणे. आणि ‘मेक इन्स्टॉल’ म्हणजे पीठ डब्यात भरणे. पहिल्या पायरीला ‘राक्म घाल’ असे मी बजावून सांगितले. पडद्यावर ओळींचा पाऊस पडला आणि थांबला. मी ‘मेक’ म्हटले. अकराच्या सुमारास वीज गेली, ती पाऊण तासाने आली. पण ‘मेक’ मोठा शहाणा. जेवढे दळून झाले तेवढे सोडून राहिलेले दळतो. साडेबाराला काम संपले. थरथरत्या हाताने एक प्रमाणपत्र काढले.

‘धाराशवि’!

भाचा जागाच होता. “कॉन्फिगरच्या शेवटी एक यादी छापली असेल, ती वाचलीत का?” मागे जाऊन पाहिले. फ्रीटाइप, होय. पीएनजी, होय. राक्म, नाही! त्या प्रोग्रामला राक्म सापडले नव्हते, आणि सापडले नाही म्हणून तो थांबलाही नव्हता. गुपचूप त्याच्यावाचून पुढे गेला होता. राक्म यंत्रावर होते, पण दळताना लागणारे त्याचे ‘डेव्ह’ नावाचे वेगळे पॅकेज मी आणलेच नव्हते.

“मामा, पेपर देण्याआधी पुन्हा एकदा वाचा, असं आम्हाला कोण सांगायचं?” भाचा हसला. मी मुकाट्याने ‘डेव्ह’ आणले आणि दुसरे दळण टाकले. या खेपेस यादी शेवटपर्यंत वाचली. राक्म, होय.

पहाटे, दळण चालू असताना, शेजारचे अण्णा डोकावले. वय नव्वदीच्या पुढे. निजामाच्या अमदानीत, हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले तेव्हा, त्यांनी शाळेत उर्दू गिरवलेली. पडद्यावरची नावे मी वाचून दाखवली तसे ते खुलले. “हर्फ म्हणजे अक्षर. बाज म्हणजे उघडा. आणि रक्म म्हणजे लिहिणं. आपली ‘रक्कम’ तिथलीच की रे!” पुढे मी पाहिले तर ते अगदी बरोबर होते. हार्फबझ हे नाव त्याच्या इराणी वंशाच्या कर्त्याने फारसीवरून ठेवले आहे, आणि राक्म हा अरबी शब्द आहे. फारसी-अरबी लिपीतही अक्षरे शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतात. तिथल्या माणसांना नड होती, म्हणून त्यांनी खपून ही साधने घडवली. आणि त्यांच्याच जोरावर नळदुर्गच्या निकिताचे नाव सरळ व्हायचे होते!

सहा वाजता झाले. वेलांटी जागेवर, रफार डोक्यावर, धाराशिव धाराशिवात. झेंडावंदनाला प्रमाणपत्रे पोचली. निकिताने आपले नाव दोनदा वाचले आणि काही न बोलता कागद दप्तरात वहीच्या मध्ये ठेवला.

इथे गोष्ट संपवली असती, तर ‘स्वतः दळा, सुखी व्हा’ हे तात्पर्य काढून मोकळा झालो असतो. पण भाच्याने ते होऊ दिले नाही. “मामा, तयार पॅकेजमध्ये दोष निघाला तर बांधणारे लोक दुरुस्त करून पाठवतात. तुमच्या दळणाला आता तुम्हीच धनी.” हा नुसता धाक नव्हता. २०१६ साली याच इमेजमॅजिकमध्ये असा दोष सापडला होता की, मुद्दाम बनवलेले एखादे चित्र परक्या यंत्रावर हवे ते हुकूम चालवू शके. तयार पॅकेजवाल्यांना दुरुस्ती घरपोच मिळाली. ज्यांनी स्वतः दळले होते, त्यांना स्वतःच जागे राहावे लागले.

आणि घरचे दळण म्हणजे निर्धोक, असेही नाही. खडा ज्वारीतच असला तर? मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रोग्रामच्या सोर्सच्या गाठोड्यातच कोणीतरी चोरदरवाजा दडवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून शंका आली आणि चोरी सापडली.

लिनक्सवाल्यांत या दोन पंथांचा वाद जुना आहे. १९९३ साली सुरू झालेले ‘डेबियन’ हजारो पॅकेजे बांधून देते. ‘जेंटू’ची पहिली आवृत्ती २००२ ची; तिचे व्रत असे की, प्रत्येकाने आपापल्या आवडीचे पर्याय निवडून सगळे घरीच दळावे. पण डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूवाल्यांनीही सोय म्हणून तयार पॅकेजे देण्याचे जाहीर केले. गिरणीवाल्यांनीही पिठाच्या पिशव्या ठेवल्या म्हणायच्या!

मग खरे काय? मला एवढेच कळले की, रोजच्या भाकरीला पिशवी पुरते; पण पिशवीत आपली गोष्ट नसेल तर दळता आले पाहिजे. आणि दळून झाल्यावर गिरणीवाल्याला तसे कळवलेही पाहिजे. नाहीतर उद्या परंड्याचा किंवा उमरग्याचा एखादा मास्तर अशीच रात्र जागवील. मी पॅकेज बांधणाऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र पाठवले. सोबत ‘धाराशिव’ आणि ‘धाराशवि’ अशी दोन चित्रे जोडली.

पुढच्या वर्षी शाळेत नवे लिनक्स आले. पहिल्यांदा इमेजमॅजिकच्या जोडांची यादी उघडली. त्यात राक्म आधीच होते. माझ्या पत्राने ते आले असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. माझ्याआधी अनेकांनी हेच मागितले असणार. मी माझे घरगुती दळण पुसून टाकले. पुसताना थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

“आता रात्री वेळेवर झोपाल,” सौ. म्हणाल्या. एका वेलांटीसाठी जागलेली ती रात्र मात्र माझ्या हिशेबी जमेलाच आहे.