अडलं की मुलं जातात कुठे?

पहिल्या वर्षाला शिकवणारे बरेच जण आज इथे बसलेत, म्हणून एका प्रश्नानं सुरुवात करतो. बारावीला उत्तम मार्क मिळवून आलेला मुलगा पहिल्याच सेमिस्टरला गणितात नापास होतो. तेव्हा आपण स्टाफरूममध्ये काय म्हणतो? ‘पाया कच्चा आहे.’ ‘अभ्यासच करत नाही.’ ‘घरी तसं वातावरण नाही.’ बरोबर ना?

आता जरा १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊ. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाचा एक तरुण संशोधक होता. तिथे पहिल्या टर्मचा कॅल्क्युलस पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी दहातल्या सहा जणांना डी किंवा एफ मिळत असे. कारण विचारलं, तर शिक्षकांची उत्तरं साधारण आपल्या स्टाफरूमसारखीच! पण ट्राइसमन तिथे थांबला नाही. त्यानं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले, आणि ते अभ्यास नेमका कसा करतात हे दीड वर्ष त्यांच्यात राहून पाहिलं.

काय दिसलं? कृष्णवर्णीय मुलं अजिबात आळशी नव्हती. शाळेत पहिली आलेली, घरच्यांनी मोठ्या अभिमानानं पाठवलेली. शिक्षकांनी सांगितलं होतं, तासाला दोन तास अभ्यास करा. ती अगदी तसंच, आठवड्याला आठेक तास करत होती. फक्त एकेकटी. चिनी वंशाची मुलं आठ-दहा तास एकटी बसत आणि वर चार-सहा तास एकत्र. एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायचे. एखादं गणित गटात कुणालाच सुटलं नाही, तर कळायचं की गणितच अवघड आहे. एकट्या बसलेल्याला मात्र वाटायचं, मीच ढ आहे. खरा फरक इथे आहे, बघा.

मग त्यानं काय केलं? ज्यादा तास, रेमेडियल वर्ग हे सगळं तिथे आधीपासून होतं, पण मुलं फिरकत नव्हती. स्वतःला हुशार समजणारा मुलगा ‘कच्च्यां’च्या वर्गात कशाला बसेल? म्हणून १९७८ साली सुरू झालेल्या वर्कशॉपवर ‘कच्चे’ हा शिक्काच नव्हता. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं द्यायची, लहान गटात सोडवायला लावायची. शिक्षक फिरत राहणार, अडलं तर सूचना देणार, उत्तर नाही. त्या मुलांचे निकाल पुढे स्पष्टपणे सुधारले.

आता आपल्याकडे या. अभ्यासकौशल्य म्हटलं की आपण काय करतो? जूनमध्ये हॉलमध्ये एक व्याख्यान. वेळापत्रक करा, नोट्स काढा, मोबाईल लांब ठेवा. सल्ला चुकीचा नाही हो. पण मराठी माध्यमातून आलेली एखादी मुलगी घरी एकटीच इंग्रजी पुस्तक उघडते आणि तिसऱ्या ओळीला अडते, तेव्हा त्या व्याख्यानाचा तिला काय उपयोग? आणि तुम्ही नुसतं ‘गट करा’ म्हणालात, तरी तिला शेवटची एसटी पकडायची असते. तेव्हा गटाची वेळ कॉलेजच्या वेळेतच हवी, टाइमटेबलमध्ये. ती मुलांच्या सोयीवर सोडली, तर हॉस्टेलवाल्यांचेच गट होतील.

म्हणून एकच काम सांगतो. सल्ला देण्याआधी वर्गातल्या पाच जणांना तीन प्रश्न विचारा. काल अभ्यासाला कुठे बसला होतास? कोण सोबत होतं? आणि अडलं तेव्हा काय केलंस? तिसऱ्या प्रश्नावर मूल गप्प बसलं, की समजा, आपलं काम तिथून सुरू होतं.