रेव्हनलॉफ्टची डागडुजी

कागद, पेन्सिल, फासे : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात नियमांच्या आवृत्त्या कशा बदलत गेल्या ते पाहिलं. नियम बदलणं त्या मानानं सोपं. आकडे जुळले की झालं. खरी पंचाईत होते ती मुलूख बदलताना. तिथली माणसं, त्यांची वैरं, त्यांच्या खोडी कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या असतात आणि जुने खेळाडू त्यातली एक वीट हलवू देत नाहीत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या रेव्हनलॉफ्टचं तेच झालं.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचं हे साहस १९८३ सालचं, अवघं ३२ पानांचं. त्या काळी एका खोलीत ऑर्क, पुढच्या खोलीत रक्तपिपासू पिशाच्च, असा भुयारांचा कारभार चाले. ते पिशाच्च तिथं करतंय काय, हे कुणी विचारत नसे. हिकमननी विचारलं. त्यांचा काउंट स्ट्राड हा बरोव्हिया नावाच्या, धुक्यानं वेढलेल्या मुलखाचा धनी. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तातियानावर, त्याची नजर गेली. ऐन लग्नाच्या दिवशी त्यानं भावाला मारलं, तिनं गडावरून उडी घेतली आणि हा न मरता मागे उरला. ती पुन्हा पुन्हा जन्म घेते, आणि दर वेळी त्याच्या हातून निसटते.

गोष्ट चांगलीच आहे, पण रेव्हनलॉफ्टची खरी करामत पत्त्यांत आहे. मादाम इव्हा नावाची भविष्य सांगणारी बाई आपल्या तंबूत पत्ते मांडते आणि इकडे डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, टेबलावर खरोखरचे पत्ते उलटतो. मूळ साहसात त्यासाठी घरातले नेहमीचे खेळायचे पत्ते चालत. सूर्यतलवार कुठे दडवली आहे, स्ट्राडची रोजनिशी कुठल्या दालनात सापडेल, त्याची स्वतःची गाठ अखेरीस कुठे पडेल, हे सगळं त्या पत्त्यांवर ठरतं. त्यामुळे तोच गड दुसऱ्यांदा खेळला तरी शिळा होत नाही. २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'नं त्या ३२ पानांची २५६ पानं केली, तरी पत्ते ठेवले. एक बदल मात्र मला खटकतो. पूर्वी या खेपेला स्ट्राडला हवंय काय, हेही पत्त्यांवर ठरायचं. ते गेलं आणि त्या जागी खेळाडूंना मदत करणारा एक सोबती आला. सोय झाली, पण खलनायकाचा हेतू डंजन मास्टरलाही ऐनवेळी कळण्यातली गंमत संपली.

आता, तो तंबू कुणाचा? मूळ साहसात हे तंबूवाले सरळ जिप्सी होते. पुढे त्यांना व्हिस्तानी म्हटलं जाऊ लागलं. गाड्यांतून भटकणारे, पिणारे, हातचलाखीचे, स्ट्राडचे हेर. म्हणजे युरोपनं रोमा लोकांवर शतकानुशतकं लादलेले सगळे आरोप एका जागी. या रोमांचे पूर्वज आपल्याच उपखंडातून गेलेले, तेव्हा हे आपल्यालाही अगदीच परकं नाही. प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टनं जून २०२० मध्ये ही चूक जाहीरपणे मान्य केली, रोमा सल्लागाराची मदत घेतली आणि त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत काही मजकूर बदलला. एझ्मेरेल्डा ही व्हिस्तानी शिकारीण आधी आपला कृत्रिम पाय लपवायची. ती लपवाछपवीही काढली.

हे योग्यच झालं, पण ही मलमपट्टी आहे. दारूची वाक्यं खोडली तरी कथेतलं व्हिस्तानींचं काम तेच राहिलं: धुक्यातून ये-जा करायची आणि स्ट्राडला खबर द्यायची. घरी खेळवताना मी म्हणेन, कामच बदला. धुक्यातली वाट हा त्यांचा धंदा करा आणि प्रत्येक गाडीमागे स्ट्राडला जकात वसूल करू द्या. आता त्यांच्यातल्या काहींना तो हवा असेल, काहींना मेलेला हवा असेल, आणि खेळाडूंना तंबूत शिरताना कोण कुठल्या बाजूचा ते चाचपावं लागेल.

तातियानाचा नवा जन्म म्हणजे इरिना. २०१६ च्या पुस्तकात क्रेझ्क गावच्या तळ्याशी स्ट्राडचा मेलेला भाऊ तिला साद घालतो आणि ती त्याच्याबरोबर निघून जाऊ शकते. या भावाकडून त्या भावाकडे. तिचं स्वतःचं काय? पाठलागाचा अनुभव असलेली एखादी खेळाडू टेबलावर असेल तर हे आधी बोलून घेणं बरं. २०२१ च्या 'व्हॅन रिख्टेन्स गाइड टु रेव्हनलॉफ्ट'मध्ये अशा पूर्वचर्चेबद्दल रीतसर सल्ला दिला आहे.

याच पुस्तकानं नकाशाही मोडला. पूर्वी रेव्हनलॉफ्टमधली बरोव्हियासारखी बरीचशी राज्यं एका खंडात लागून होती. आता प्रत्येक राज्य धुक्यात सुटं तरंगतं. त्यामुळे लामोर्डिया या राज्यात जुन्या व्हिक्टरऐवजी व्हिक्ट्रा मॉर्डनहाइम येऊ शकली. नुसती मिशी काढून नव्हे, तर जिच्यावर तिचं प्रेम होतं त्या एलिसलाच जिवंत करायला निघालेली. हा बदल जमला. फाल्कोव्हनिया या राज्यातला बदल मात्र फसला, असं माझं मत. तिथला जुना धनी व्लाड ड्राकोव शेजारच्या डार्कनवर पुन्हा पुन्हा चढाई करी आणि दर वेळी मार खाऊन परते. जग जिंकायला निघालेल्याला शेजारी जुमानत नाही, हीच त्याची शिक्षा होती. शेजारीच काढून घेतल्यावर आता त्याच्या जागी आलेल्या व्लाडेस्काच्या वाट्याला प्रेतांचा वेढा आला. तो थरारक आहे, पण तसा वेढा कुठेही पडू शकतो.

आणि कालाकेरी. १९९२ मध्ये 'श्री राजी' नावाचं एक भारतछाप राज्य होतं: जंगल, राक्षस, कालीपूजा. अजित जॉर्ज या भारतीय वंशाच्या लेखकानं २०२१ मध्ये ते कालाकेरी म्हणून नव्यानं लिहिलं आणि मधोमध चक्क भाऊबंदकी आणून ठेवली. महाराणी राम्या आणि तिची भावंडं अरिजानी व रीवा एका गादीसाठी भांडतात; तिघांपैकी कुणीही आता माणूस उरलेलं नाही, तरी भांडण मिटत नाही. अरिजानी जुन्या पुस्तकातलाच राक्षस आहे, पण आता त्याला घर आहे, बहीण आहे, राग धरायला कारण आहे. पाहुणे म्हणून आलेल्या खेळाडूंना दरबारात कुणाच्या तरी बाजूनं बसावंच लागतं, आणि कुठे बसलो याची बातमी उरलेल्या दोघांपर्यंत पोचते.

पुढच्या आठवड्यात 'डार्क सन'. १९९१ चा हा वाळवंटी मुलूख गुलामगिरीवर उभा आहे, आणि पाचव्या आवृत्तीत प्रकाशकांनी त्याचं स्वतंत्र पुस्तक काढलेलं नाही.