कोठीचं बूड बदला, कंबर वाचवा

कुंभकोणमहून आठेक किलोमीटरवर तिरुविसनल्लूर हे गाव आहे. तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी १६९३ मध्ये ते पंचेचाळीसेक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि गावाला शहाजिराजपुरम हे दुसरं नाव मिळालं. श्रीधर अय्यावाळ याच गावचे. राजावर लिहिलेलं त्यांचं ‘शाहेन्द्रविलास’ हे संस्कृत काव्य तंजावरच्या मराठी इतिहासाचे अभ्यासक आजही वाचतात. दानाची गोष्ट सांगताना आपण विद्वत्तेपाशी थांबतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात गाव दान दिलं, म्हणजे प्रत्यक्षात भात दिलं. ते भात वर्षभर कुठेतरी ठेवावं लागे आणि ठेवलेलं रोज थोडंथोडं काढावंही लागे.

कोठी बांधताना सगळं लक्ष भरण्याकडे आणि उंदरांकडे असतं. काढण्याचा विचार होतो तो पहिल्यांदा आत वाकावं लागतं तेव्हा. तोवर कोठी उभी असते, म्हणून इथे नव्या कोठीऐवजी जुनीच सुधारण्याबद्दल लिहितो.

पत्तायम, कुदिर, बळद

कावेरीकाठच्या जुन्या घरांत भातासाठी लाकडी पत्तायम असे. एकावर एक बसणाऱ्या चौकटींची ही मोठी पेटी. हवी तेवढी उंची चढवायची, वरच्या झाकणातून भरायचं आणि बुडाशी असलेली छोटी फळी सरकवून काढायचं. कुदिर मातीचा. भाजलेल्या किंवा उन्हात वाळवलेल्या कड्या एकमेकींवर ठेवून सांधे मातीने लिंपलेले, तळाजवळ एक भोक आणि त्यात बोळा. आपल्याकडच्या बळदाची रीतही अशीच होती: वरून ओतायचं, खालच्या तोंडाचा बोळा काढून पायलीभर घ्यायचं आणि तोंड पुन्हा बंद करायचं. कणगीला मात्र खालून तोंड नसायचं. तिच्यातून वरूनच उपसावं लागे आणि शेवटी घरातलं लहान पोर आत उतरवलं जाई.

मोठ्या कोठारांतही हाच प्रश्न आहे. तिरुविसनल्लूरच्या पश्चिमेला पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरैच्या शिवमंदिरात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं विटांचं घुमटदार कोठार आहे. त्यात तीन हजार कलम भात मावे असं सांगतात. कलम हे तिथलं धान्याचं माप. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात बाहेरच्या जिन्याने छतावर जाऊन प्रत्येक खणाच्या भोकातून धान्य आत सोडत. पाटण्याचं गोलघर १७८६ मध्ये पुरं झालं. १७७० च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी ते बांधलं, वर चढायला १४५ पायऱ्या केल्या आणि माथ्यावर ओतायला भोक ठेवलं. त्याची खालची दारं मात्र आतल्या बाजूला उघडणारी निघाली, म्हणजे कोठार काठोकाठ भरलं तर धान्याच्या दाबाने ती उघडणारच नाहीत, असं लोक सांगतात. एवढं मोठं बांधकाम करणारेही धान्य काढण्याची बाजू विसरले, यावर लोकांचा सहज विश्वास बसतो, कारण घराघरात तेच झालेलं असतं.

सपाट बूड किती धान्य अडवतं

आज शेतकऱ्याकडे बहुधा पत्र्याची गोल कोठी असते. १९६० च्या दशकात ‘धान्य वाचवा’ मोहीम सुरू झाली आणि हापुडच्या धान्य साठवणूक संस्थेच्या नमुन्यांवरून अशा कोठ्या गावोगाव पोचल्या. बूड सपाट, वर झाकण आणि बाजूला खाली एक तोंड.

हिशेबासाठी १.२ मीटर व्यासाची आणि १.८ मीटर उंचीची कोठी घेऊ. तिचं घनफळ साधारण दोन घनमीटर. भात घनमीटरला सुमारे ५८० किलो भरतं, म्हणजे या कोठीत पावणेबारा क्विंटल मावेल. तोंड उघडलं की भात वाहू लागतं आणि एका क्षणी थांबतं. कोरड्या भाताचा ढीग साधारण ३६ अंशांच्या उतारावर स्थिरावतो, त्याहून सपाट भागातलं भात हलत नाही. तोंड बाजूच्या भिंतीत असेल, तर समोरच्या भिंतीपाशी ८७ सेंटिमीटर उंचीचा तिरका ढीग उरतो. त्याचं वजन सव्वातीन क्विंटलच्या आसपास येतं, म्हणजे कोठीतला चौथ्या हिश्शाहून जास्त माल. हेच तोंड बुडाच्या मधोमध असतं तर भिंतीच्या कडेने गोल कडं उरलं असतं आणि ते सुमारे १९० किलोंवर थांबलं असतं. तोंडाची जागा बदलताच सव्वाशे किलोंहून जास्त भात आपोआप बाहेर येतं.

कंबरेइतकाच तोटा मालाच्या ताजेपणाचाही आहे. सपाट बुडाच्या कोठीत तोंडाच्या वर मधली धार वाहते आणि वरचा थर त्या धारेत घसरतो. त्यामुळे शेवटी भरलेलं भात आधी बाहेर येतं आणि पहिलं भरलेलं भिंतीला चिकटून बसतं. त्यावर दरवर्षी नवं भात ओतलं, तर तळाचा ढीग जुना होत जातो आणि टोके-पतंग तिथेच घर करतात. म्हणून उरलेल्या ढिगाला फुकटचा उतार समजून तसंच सोडू नये. बियाणं ठेवणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

तिरका तळ

सगळ्यात स्वस्त सुधारणा आतून होते. बुडावर दुसरा, तिरका तळ बसवायचा: समोरच्या भिंतीपासून तोंडाकडे उतरत येणारा. गुळगुळीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर कोरडं भात दाण्यावर दाणा घसरण्यापेक्षा सहज घसरतं, त्यामुळे ३५ अंशांचा उतारही बहुतेक वेळा पुरतो. ४५ अंश ठेवला तर शंका उरत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. आपल्या मापाच्या कोठीत ३५ अंशांचा तळ पावणेतीन क्विंटलची जागा खातो आणि ४५ अंशांचा जवळपास चार क्विंटलची. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याने डोळे मिटून ‘पंचेचाळीस’ म्हटलं तरी आधी विचारावं, की आपलं भात किती कोरडं असतं. खडखडीत वाळवून ठेवणाऱ्याला कमी उतार चालतो.

पत्र्याखाली पोकळी ठेवू नये, उंदराला तेवढंच हवं असतं. अँगलच्या चौकटीवर पत्रा टाकायचा असेल तर खालची जागा कोरड्या वाळूने ठासून भरावी आणि भिंतीशी येणारी कड पूर्ण बंद करावी. विटांच्या पक्क्या कोठीत पत्र्याऐवजी विटांचे तुकडे रचून वर सिमेंटचा घोटलेला गिलावा करता येतो. असा गिलावा पुरता सुकायला काही आठवडे लागतात. ओल्या सिमेंटवर भात ओतलं तर पहिलाच थर बुरसतो.

कोठी उचलून खाली शंकू

जागा गमवायची नसेल तर कोठी उचलावी आणि बूड काढून खाली शंकू बसवावा. ४५ अंशांचा शंकू या कोठीला ६० सेंटिमीटर खोल येतो आणि त्यात आणखी १३० किलो भात मावतं. तोंड बरोबर मध्ये येतं आणि उतार पुरेसा, पत्रा गुळगुळीत असेल तर आतलं भात एकसाथ खाली सरकतं. आधी भरलेलं आधी निघतं.

अडचण उंचीची आहे. पोतं सरळ तोंडाखाली लावायचं तर तोंड जमिनीपासून मीटरभर वर हवं. मग शंकू साठ सेंटिमीटर, त्यावर कोठी १.८ मीटर, म्हणजे माथा ३.४ मीटरवर जातो. काढणं सोपं झालं, पण भरायला आता शिडी चढून डोक्यावरचं पोतं ओतावं लागणार. हा सौदा मला तोट्याचा वाटतो. तोंड ६० सेंटिमीटरवर ठेवून खाली घमेलं किंवा टोपली लावली तर माथा तीन मीटरवर राहतो. त्याहून बरं म्हणजे घराच्या ओट्याचा किंवा खळ्याच्या बांधाचा उंचवटा वापरून भरण्याची बाजू वर आणि काढण्याची बाजू खाली ठेवावी.

चार पायांवर तेरा क्विंटल भात म्हणजे प्रत्येक पायावर सव्वातीन क्विंटलहून जास्त भार. कावेरीच्या गाळाची जमीन पावसात मऊ होते आणि एक पाय जरी खचला तरी कोठी कलते, म्हणून पायांखाली काँक्रीटचे ठोकळे हवेतच. कोठी आणि शंकू जिथे जुळतात तिथे अँगलचं कडं फिरवावं, सगळा ताण तिथे येतो. आणि पाय बोल्टने घट्ट बांधावेत. भरलेली कोठी वाऱ्याला दाद देत नाही, रिकामी उडते. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने याच पट्ट्यात वाऱ्याची ताकद दाखवली होती.

भिंतीला नवं भोक पाडू नका

सगळ्यात मोहक आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे कटर घेऊन भिंतीत आणखी एक तोंड पाडणं. १८९५ मध्ये यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने धान्याच्या कोठ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की धान्याचं सगळं वजन बुडावर पडत नाही. दाणे भिंतीला घासतात आणि भाराचा मोठा वाटा भिंतच उभा पेलते. म्हणूनच कोठी दुप्पट उंच भरली तरी बुडावरचा दाब दुप्पट होत नाही. उलट बाजूने पाहिलं तर पातळ पत्र्याची भिंत म्हणजे खांबच आहे. तिच्यात भोक पाडून एकाच कडेने धान्य ओढलं की एका बाजूचा दाब घटतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि पत्रा आत चेपतो. मोठमोठे सायलो अशाच एकतर्फी उपशाने वाकलेले आहेत.

बुडातलं किंवा शंकूचं तोंड केवढं असावं? भाताचा दाणा लांबट, खरखरीत, कधी कुसळ असलेला. तोंड अरुंद असेल तर दाणे एकमेकांत अडकून वर कमान धरतात आणि धार थांबते. १० सेंटिमीटर हे कमीत कमी, १५ असेल तर उत्तम. वर सरकती झडप, तिच्या दोन्ही बाजूंना खाचा आणि कुलपाला कान. झडप आडवी सरकणारी असावी. वर-खाली उघडणारं झाकण धान्याच्या भाराखाली बंद होत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो, म्हणून शक्य तिथे रिव्हेट आणि नट-बोल्ट वापरावेत. वेल्डिंग करायचंच असेल तर कोठी पूर्ण रिकामी करून, भुसा झाडून, उघड्यावर.

ओलं भात वाहत नाही

वरचे सगळे अंश कोरड्या भातासाठी आहेत. त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाचं पीक कापणीला येतं आणि ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सरकारी खरेदी केंद्रांची ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे आणि त्या दिवसांत ती शिथिल करा ही मागणी जवळपास दरवर्षी होते. असं भात कोठीत गेलं तर तापतं, कोंब धरतं, त्याची ढेपं होतात, आणि मग साठ अंशांचा उतारही त्याला हलवू शकत नाही. साठवायचं भात १४ टक्क्यांच्या खाली हवं, जास्त महिने ठेवायचं असेल तर १२ पर्यंत. तिरुवारूरला १९६७ मध्ये भात प्रक्रियेचं जे संशोधन केंद्र उभं राहिलं आणि पुढे तंजावरला गेलं, त्याची सुरुवातच या भिजलेल्या भाताच्या अडचणीतून झाली. सांबा हंगामाचं पीक पोंगलच्या आगेमागे निघतं, तेव्हा ऊन असतं. कोठीत सांबाचं ठेवावं, कुरुवैचं शक्यतो विकावं.

आत उतरण्याबद्दल

तोंड उघडं असताना कोठीत माणूस उतरवायचा नाही. वाहत्या धान्यात पाय ठेवला की काही सेकंदांत गुडघे रुततात आणि छातीपर्यंत गेलेला माणूस दोघातिघांनी ओढूनही निघत नाही. वरचा थर कडक होऊन खाली पोकळी झालेली असेल तर धोका आणखी मोठा, कारण वरून सगळं घट्ट दिसतं. अडकलेलं भात बाहेरूनच, लांब बांबूने खालच्या तोंडातून सैल करावं.

आपल्याकडे पेव उघडणाऱ्यांना हवेचा धोका पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची खोल पेवं होती आणि तिथे झाकण काढल्यावर वेळ जाऊ दिल्याशिवाय कुणी आत उतरत नसे. बंद धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपवतं आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. पत्र्याच्या कोठीतही तेच होतं. गोळ्यांची धुरी दिली असेल तर तो वायू त्याहून घातक, त्यामुळे वरचं झाकण आणि खालचं तोंड दोन्ही उघडून हवा आरपार खेळू द्यावी.

काम कधी काढावं

मेत्तूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि मग शेतावर कुणालाच सवड नसते. सांबाचा विकायचा माल गेलेला, घरचं भात कोठीच्या तळाशी आलेलं आणि ऊन कडक, असे एप्रिल-मेचे दिवस या कामाला बरे. उरलेलं भात पोत्यांत काढा, कोठी उन्हात तापू द्या, तळ बसवा. मग आधी एकच पोतं ओतून तोंड उघडा. जिथे भात थांबेल तिथे खडूने खूण करून तेवढ्याच जागी पत्र्याचा उतार वाढवा.