धरमतरच्या खाडीकांठची देवघेव : मूर्ति, मीठ आणि मोड

मराठी मुलखांतील कलावस्तूंचा इतिहास लिहितांना त्या कोणीं घडविल्या व कोणाच्या आश्रयानें घडविल्या, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. घडविणाराचें मोल कशानें चुकतें झालें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच तर होन, मोहरा किंवा रुपये यांचा आंकडा शोधावयाचा अशी समजूत असते. ही समजूत दरबारी कलेपुरतीही पुरती खरी नाहीं, व गांवकीच्या कलेच्या बाबतींत तर ती अगदींच निरुपयोगी आहे, असें आमचें मत आहे. गांवांतील मूर्ति, मातीचे बैल, देव्हाऱ्यांतील टांक, लामणदिवे, पानपुडे या वस्तु पुष्कळ अंशीं नाण्यावांचून हातोहात फिरल्या. त्या कशा फिरल्या हें समजल्याशिवाय त्यांपैकीं कांहीं आज कां सांपडत नाहींत हेंही समजत नाहीं. सबब धरमतरच्या खाडीकांठचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून या देवघेवीचा थोडा विचार येथें करतों.

धरमतर हें आंबा नदीच्या खाडीवरील बंदर होय. आंबा सह्याद्रींत उगम पावून पाली व नागोठणें यांवरून वाहत येते आणि धरमतरच्या खाडीनें मुंबईच्या समुद्रास मिळते. मुखाशीं एका अंगास रेवस व दुसऱ्या अंगास करंजा आहे. उत्तरेस भोगावतीवरील पेण व दक्षिणेस कुंडलिकेवरील रोहें हीं या बाजूचीं जुनीं पेठेचीं गांवें. पूर्वीं हा सर्व कुलाबा जिल्हा. १९८१ पासून त्यास रायगड असें नांव आहे. खाडीच्या कांठीं मिठागरें, त्यांच्या मागें समुद्राचें पाणी बांधानें अडवून केलेलीं खारीं भातशेतें, व त्यांच्याही मागें डोंगर, अशी या भागाची ठेवण आहे. पेणेच्या बाजूस हे खारबांध घालणें व राखणें ज्याच्याकडे असे त्यास शिलोत्रीदार म्हणत. त्याचा मोबदला बिघ्यामागें ठराविक धान्य असा शेतांतूनच निघे. म्हणजे ज्या जमिनीवर हा मुलूख उभा राहिला ती जमीनच मुळीं धान्याच्या करारानें समुद्राकडून मिळविलेली आहे.

येथें दोन वस्तूंस नाण्याची योग्यता होती : भात आणि मीठ. घाटावरून वंजाऱ्यांचे तांडे धान्य लादून उतरत व मीठ लादून परत चढत. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्यें खुला झाल्यावरही ही वाहतूक कांहीं काळ बैलांच्या पाठीवर चालूच राहिली. खाडींतून मचवे व गलबतें भात आणि मीठ मुंबईस नेत. पायली, मण, खंडी हीं मापें प्रत्येकाच्या तोंडीं असत. मात्र मणाची पायली तालुक्यागणिक निराळी भरे. म्हणून जुन्या कागदांत नुसता ‘एक मण भात’ असा उल्लेख सांपडला तर तो कोठल्या मापाचा हें पाहिल्याखेरीज अभ्यासकानें पुढें जाऊं नये. खंडीचे वीस मण व पायलीचे चार शेर एवढाच त्यांतल्या त्यांत भरंवशाचा हिशेब.

या मुलखांतील कुंभार किंवा सुतार आपल्या हातचें काम देऊन भात घेई, यांत आश्चर्य कांहीं नाहीं. देशावरील बलुत्याची पद्धति वाचकांस ठाऊक आहेच. मोल्सवर्थच्या कोशांत बलुतें म्हणजे गांवच्या चाकरांच्या निर्वाहासाठीं नेमलेला पिकाचा वांटा असा अर्थ दिला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें गुणदोषांसह सविस्तर वर्णन आहे. थोरली, मधली व धाकटी अशा तीन कासांपैकीं कुंभार बहुतेक याद्यांत मधल्या कासेंत येतो. कोंकणांत ही व्यवस्था देशाइतकी बांधेसूद नव्हती. कामापुरतें धान्य घेण्याचा प्रघात येथें अधिक. परंतु तत्त्व एकच. कुंभार वर्षभर मडकीं पुरवी. बैलांचा सण आला कीं मातीचे बैल देई. पीक खळ्यावर आलें म्हणजे त्याचा वांटा त्यास मिळे.

आतां प्रश्न असा कीं, त्यांतील मातीच्या बैलाची किंमत किती? याचें उत्तर, किंमत नव्हती, असेंच द्यावें लागतें. खळ्यावरील सुपांत मडकें, परळ, पणती व बैल हीं सर्व एकत्र मोजलीं जात. बैल सुबक झाला म्हणून सूपभर भात अधिक मिळे असें नव्हे, व ओबडधोबड झाला म्हणून कमी होई असेंही नव्हे. तो देणें हें कुंभाराचें कर्तव्य व धान्य घेणें हा त्याचा हक्क. सौद्याची घासाघीस तेथें नसे. सुबकपणा येई तो बाजाराच्या धाकानें नव्हे, तर घराण्याच्या वळणानें व गांवच्या नजरेनें. या वस्तूंवर कर्त्याचें नांव नसतें, आणि पिढ्यानुपिढ्या त्यांचा घाट फारसा पालटत नाहीं, याचें एक कारण आमच्या समजुतीनें हेंच आहे. जी वस्तु एकेकटी विकली जात नाहीं, तिच्यावर नांव घालण्याचें प्रयोजन उत्पन्न होत नाहीं.

या व्यवस्थेची भलावण करावी असा आमचा हेतु नाहीं. अलीकडे तिचें गोड वर्णन करण्याचा प्रघात पडला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. अवर्षणाच्या सालीं खळें रिकामें राही, तेव्हां कारागिराचा वांटाही रिकामाच असे. धंदा जातीनें बांधलेला असल्यामुळें तो सोडण्याची सोय नव्हती. आणि ज्यांना गांवानें शिवेबाहेर ठेवलें त्यांच्या कामाचा मोबदला पुष्कळदां वांटा म्हणून नव्हे तर उपकार म्हणून पदरांत टाकला जाई. धान्याची देवघेव म्हणजे समतेची देवघेव असें समजण्यास मुळींच आधार नाहीं.

ही रीति मोडली ती कोणा एकाच्या हुकुमानें नव्हे. सरकारसारा रोकडीनें भरावा लागूं लागल्यावर शेतकऱ्यास भात आधीं बाजारांत नेणें भाग पडलें. मिठाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १८३७ मध्यें मुंबई इलाख्यांत मिठावर मिठागराच्या जागींच कर बसला, व पुढें १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानें देखरेख अधिक आवळली गेली. कर भरल्यावांचून मीठ आगराबाहेर निघेना. तेव्हां मूठभर मीठ देऊन वस्तु घेण्याची आगऱ्यांची मोकळीक संपली. स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ मध्यें, हा कर उठला; पण तोंवर व्यवहाराची संवय पालटून गेली होती.

पेणेच्या गणेशमूर्तींचा धंदा हा या पालटाचा चांगला दाखला आहे. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें सार्वजनिक उत्सव वाढला, मुंबईची मागणी आली, आणि मूर्ति घेणारा हा गांवचा कुळवाडी न राहतां दूरचा गिऱ्हाईक झाला. त्याच्या खळ्यावर हक्क सांगतां येत नाहीं; म्हणून किंमत आली, आणि ती मूर्तीच्या उंचीवर व रंगकामावर ठरूं लागली. शाडूची माती गुजरातेंतून, प्लॅस्टर राजस्थानांतून, असा कच्चा मालही रोकडीनेंच येऊं लागला. आज पेण शहर व जवळचीं हमरापूर, जोहें हीं गांवें वर्षभर या कामांत गुंतलेलीं असतात, आणि येथील मूर्ति परदेशींही जातात. तथापि जुन्या रीतीचा एक अवशेष कोंकणांतील पुष्कळ घरांत दिसतो. गणपति आणावयाच्या आधीं घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेंत नेऊन देतात. मूर्ति त्या पाटावर घडते किंवा बसविली जाते. आणि घेतांना पैशांबरोबर नारळ व विडा पुढें ठेवतात. किंमत देऊनही किंमत दिली असें म्हणावयाचें नाहीं, हा त्यांतील भाव होय.

दक्षिण कोंकणांत कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकरांचीं चित्रकथीचीं चित्रें हा आणखी निराळा प्रकार आहे. तीं विकावयाचीं नव्हतींच. पोथीगणिक चित्रांचा संच घराण्यांत राही, देवळांत तीं दाखवून कथा सांगावयाची, व सावंतवाडी संस्थानचा आश्रय आणि गांवची देणगी यांवर निर्वाह करावयाचा. येथें देवघेव झाली ती चित्राची नव्हे, चित्र दाखविण्याची. म्हणूनच तीं चित्रें पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलीं.

आतां ज्या प्रकारासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, त्या मोडीकडे वळूं. मोड म्हणजे जुनें, फुटकें किंवा नकोसें झालेलें भांडें अथवा दागिना कासाराकडे किंवा सोनाराकडे देऊन त्या वजनाच्या हिशेबांत नवें घेणें. नवी वस्तु घेतांना गिऱ्हाईक धातूचा भाव व त्यावर घडणावळ असें दोन्ही देतें. तीच वस्तु मोडींत परत जाते तेव्हां घडणावळ शून्य धरली जाते. उलट घट म्हणून वजनांतूनही कांहीं कापलें जातें. कुंभाराच्या देवघेवीशीं हें ताडून पाहावें. तेथें माती फुकट व सूपभर भात हा सगळा हाताच्या कामाचा. येथें हाताचें काम फुकट व सगळा हिशेब धातूचा. लामणदिव्याच्या सांखळीवरील मोर, अडकित्त्याची घोड्याची मूठ, समईच्या शेंड्यावरील हंस, हीं ताजव्यांत पडलीं कीं पितळ होतात. जुनें वस्त्र घेऊन भांडें देणारी बोहारीणही हाच व्यवहार करी. जरीचें लुगडें तिच्या गांठोड्यांतून गेलें म्हणजे जर जाळून रुपें काढलें जाई आणि विणकराचें कसब धुरांत जाई.

टांकांची गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. कुलदैवतांचे हे रुप्याचे ठसे रोजच्या पूजेनें झिजतात. झिजलेला टांक कोणी वाहत्या पाण्यांत सोडतात, कोणी त्याच रुप्याचा नवा करून घेतात. दुसऱ्या रीतीनें देव तोच, रुपें तेंच, घाटही बहुधा तोच; पण जुना टांक नाहींसा होतो. यामुळें एखाद्या टांकाची घडण जुनी दिसली तरी तो टांक जुना आहे असें म्हणतां येत नाहीं. कालनिर्णय करणारांनीं या गोष्टीकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मोडीच्या ताजव्यांतून सुटतें तें बहुधा देवास वाहिलेलें. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर तिकडील पोर्तुगीज घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या. भीमाशंकरास व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत त्या आजही पाहावयास मिळतात. वजनाचा विचार केला असता तर त्यांचें कांसें केव्हांच वितळलें असतें. दुसरी सुटका संग्राहकाच्या चिकाटीची. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, पेट्या, दारांच्या चौकटी मिळविल्या. आज राजा केळकर संग्रहालयांत जें दिसतें, त्यांतील पुष्कळसें घरोघरच्या अडगळींतलें आहे. आणि ही अडगळच मोडीची पहिली पायरी असते.

पेण, रोहें, नागोठणें या बाजूच्या वाचकांस आमची सूचना एवढीच. घरांतील जुनी धातूची वस्तु मोडींत देणें भाग पडलें तर देण्यापूर्वीं तिचें छायाचित्र, उंची, वजन, तिच्यावरील अक्षरें, ती कोणत्या पिढींत व कोणाकडून घरांत आली आणि तिच्या बदल्यांत काय दिलें होतें, हें टिपून ठेवावें. यांतील शेवटचें कलम गौण समजूं नये. म्हाताऱ्या माणसांस रुपये आठवत नाहींत, पण ‘इतक्या पायली भात दिलें’ हें आठवतें. आणि पायली कोठली, हेंही त्यांसच विचारावें.